डॉक्टर येईपर्यंत : प्रथमोपचाराची मूलतत्त्वे

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा महामार्ग पुणेकरांच्या परिचयाचा, किंबहुना धास्तीचा आहे. या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मालवाहू वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. अशा प्रसंगी रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी जखमींजवळ प्रथम पोहोचतो तो जवळचा वाहनचालक, दुकानदार अथवा पादचारी. पहिली काही मिनिटे त्याच्याच हाती असतात.

प्रथमोपचार म्हणजे रोगनिदान नव्हे आणि औषधयोजनाही नव्हे. जीव टिकवणे, अवस्था अधिक बिघडू न देणे आणि रुग्णाला तज्ज्ञांच्या स्वाधीन करणे एवढीच त्याची मर्यादा. या कामात कौशल्यापेक्षा क्रमाला महत्त्व अधिक.

पहिला क्रम स्वतःच्या सुरक्षिततेचा. उतारावर मागून दुसरे वाहन येण्याचा धोका असतो, म्हणून एकाने बऱ्याच अंतरावर उभे राहून वाहतूक सावध करावी. विजेचा धक्का बसलेल्यास प्रवाह बंद केल्याविना हात लावू नये. त्याच वेळी, ‘कोणीतरी फोन करा’ असे मोघम न ओरडता एका व्यक्तीकडे बोट दाखवून तिला १०८ क्रमांकावर कळवण्यास सांगावे. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा चालू आहे. ठिकाण सांगताना केवळ ‘नवले पुलाजवळ’ म्हणणे पुरेसे नाही. वाहने मुंबईकडे जाणाऱ्या बाजूस आहेत की साताऱ्याकडे जाणाऱ्या, मुख्य रस्त्यावर की सेवा रस्त्यावर, हे सांगितले नाही तर रुग्णवाहिकेला मोठा वळसा पडतो.

मग रुग्णाकडे वळावे. खांद्यावर थोपटून हाक मारावी व छाती वरखाली होते का ते पाहावे. श्वास चालू असून शुद्ध नसेल, तर जीभ मागे पडून वा उलटीने श्वासमार्ग बंद होऊ नये म्हणून त्यास कुशीवर वळवावे. परंतु मानेला किंवा मणक्याला इजा झाल्याचा संशय असल्यास डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून, तेही नाइलाजानेच, हलवावे. दोघांनी हातपाय धरून रिक्षात कोंबण्याची आपल्याकडील घाई कित्येकदा अपघाताइतकीच घातक असते. श्वास नसेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. माणूस दमतो, म्हणून दर दोन मिनिटांनी दुसऱ्याने काम हाती घ्यावे.

वाहते रक्त थांबवण्याचा उपाय सोपा आहे : स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरणे. कापड भिजले तरी ते न काढता त्यावर दुसरे ठेवावे. पुण्यातील दुचाकीस्वार मुलींच्या चेहऱ्यावरील स्कार्फची थट्टा पुष्कळ झाली आहे. पण तोच स्कार्फ दाबपट्टी म्हणून किंवा मोडलेला हात गळ्यात अडकवण्यासाठी झोळी म्हणून उत्तम उपयोगी पडतो.

जखमीला पाणी पाजण्याची आपली रीत मायेची असली तरी ती येथे सोडलीच पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जाते, आणि पुढे शस्त्रक्रियेची वेळ आल्यास भरलेले पोट अडचणीचे ठरते. घरगुती उपचारांतही असेच अनेक समज रुजलेले आढळतात. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई वा हळद न लावता तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. फेफरे आलेल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. मुळशी-वेल्ह्याच्या भातखाचरांत सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा वर घट्ट दोरी आवळणे टाळावे. अंगठी, कडे काढून घेऊन तो अवयव हलू न देता प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात तातडीने न्यावे.

इतके ठाऊक असूनही लोक पुढे होत नाहीत, याचे कारण बहुधा पोलीस आणि न्यायालय यांची भीती. ती पूर्वी अनाठायी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. मात्र स्थिती बदलली आहे. जखमीवर आधी उपचार, कायदेशीर सोपस्कार नंतर, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच दिला. साहाय्यकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे त्याच न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यानुसार वाहन अपघातातील जखमीला सद्हेतूने मदत करताना काही चूक घडली, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. साक्षीदार होणे त्याच्या इच्छेवर असते. ससून असो वा एखादे खाजगी रुग्णालय, जखमीला दाखल करणाऱ्या अनोळखी माणसाकडे खर्चाची मागणी करता येत नाही आणि त्याला अडकवूनही ठेवता येत नाही.