मानवरहित विमान व त्याचे मोल

लग्नमंडपावर भिरभिरणारे ड्रोन आता आपल्या खेड्यांतही नवलाचे राहिले नाही. परंतु त्याच जातीचे एक युद्धोपयोगी विमान आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील नागपूरच्या सोलर उद्योगसमूहाने सिद्ध केले आहे, हे आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. त्याचे नाव नागास्त्र. केळझरच्या उत्तरेस, नागपूर-अमरावती मार्गावरील बाजारगाव येथे अशा विमानांच्या चाचणीसाठी १,२५० मीटर लांबीची धावपट्टीही बांधलेली असून तिचे उद्घाटन मार्च २०२५ मध्ये झाले.

नागास्त्राचे वजन अवघे ९ किलो. म्हणजे शेतकऱ्याच्या पाठीवरील भरलेल्या फवारणी-पंपाच्या निम्मेच म्हणा ना! ते विजेच्या घटावर चालते, सुमारे अर्धा तास घारीप्रमाणे घिरट्या घालते, आणि लक्ष्य दिसताच १ किलो स्फोटकासह त्यावर झेप घेऊन स्वतःही नष्ट होते. चालकाच्या नजरेखाली त्याचा पल्ला १५ किलोमीटरपर्यंत आहे. लक्ष्य न सापडल्यास ते हवाई छत्रीच्या साहाय्याने खाली उतरते व पुन्हा उपयोगात येते.

आता थोडे गणित करू. २०२५ साली सैन्याने सुमारे ४५० नागास्त्रे १५८ कोटी रुपयांस मागविली. भागाकार केल्यास एकास सुमारे ३५ लक्ष रुपये पडतात. याउलट ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने अमेरिकेकडून ३१ मोठी मानवरहित विमाने घेण्याचा जो करार केला, तो सुमारे ३२,००० कोटींचा. म्हणजे प्रत्येकी हजार कोटींहून अधिक. यात शस्त्रे व देखभालीचा खर्चही धरलेला आहे, म्हणून ही तुलना काटेकोर नव्हे. शिवाय ते विमान चाळीस हजार फुटांवरून तीस तासांहून अधिक काळ समुद्रावर पहारा देते. ते काम अर्ध्या तासाच्या नागास्त्राचे नव्हे. तेव्हा स्वस्त कोणते, हे काम कोणते त्यावरच ठरते.

आपल्या केळझरास महाभारतातील एकचक्रनगरी मानतात. बकासुराकडे गाडाभर अन्न व रेडे जात, पण गावकरी रडत ते गाड्यासोबत जाणाऱ्या माणसासाठी. मानवरहित विमानाची थोरवी याच ठिकाणी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये नौदलाने भाड्याने घेतलेले असे एक मोठे विमान चेन्नईजवळ समुद्रात पडले. त्यात वैमानिकच नसल्याने कोणाचा प्राण गेला नाही.

तथापि विमानात मनुष्य नसला, तरी स्फोटकांच्या कारखान्यात तो असतोच. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या कारखान्यातील स्फोटात ९ कामगार दगावले, त्यांपैकी ६ स्त्रिया होत्या. ते काम कोळसा-खाणींसाठी लागणाऱ्या स्फोटकांचे होते, विमानांचे नव्हे. परंतु दारू ती दारूच, आणि ती हाताळावयास जाणारी माणसे आसपासच्या खेड्यांतलीच. आमचा वरील भागाकार पुरा करताना मुलांनी त्यांच्यासाठी कोणता रकाना आखावा, हे त्यांनी घरी आईवडिलांस विचारून पाहावे.