संगणक सुरूच होत नाही तेव्हा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या दुरुस्तीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. मी मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी. यंत्रविद्येशी माझा संबंध सायकलच्या पंक्चरपुरता. परंतु यंदा माझ्यावर जो प्रसंग ओढवला त्यातून एक गोष्ट शिकावीच लागली. ती इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे अण्णा शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्याजवळ, हातगाडीवर चादरी-टॉवेल विकतात. धंदा बराचसा उधारीचा. गेल्या पावसाळ्यात त्यांची उधारीची वही भिजली. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तेव्हा “आता हिशेब संगणकावर!” असे मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केले. तीन रात्री जागून, पुसट झालेली पाने वाचत आणि अण्णांना विचारत, मी सर्व हिशेब टंकला. मग ती वही रद्दीत घातली. माझे शहाणपण एवढे, की संगणकातील हिशेबाची दुसरी प्रत काही काढली नाही.

संगणक जुना, कोणीतरी वापरून विकलेला. त्यात विंडोज दहा होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार संपला आणि अकरावी आवृत्ती त्या यंत्रात चालेना. एका मित्राने विंडोजशेजारी मोफत मिळणारे लिनक्स बसवून दिले. हिशेब मी त्यातच ठेवला होता. पुढे एके दिवशी जागा कमी पडू लागली म्हणून मी विंडोजमध्ये जाऊन डिस्कचा एक रिकामा कप्पा, म्हणजे पार्टिशन, काढून टाकले. संगणक पुन्हा सुरू केला, तर काळ्या पडद्यावर दोनच गोष्टी: ‘असे पार्टिशन नाही’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’. विंडोज नाही, लिनक्स नाही.

बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने दुरूनच निदान केले, “फॉरमॅट मारावं लागेल.” फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. लग्नसराईची वसुली तोंडावर आलेली. अण्णांनी रात्री एवढेच विचारले, “वही खरंच रद्दीत घातलीस का रे?”

त्या रात्री मित्राच्या मोबाइलवर वाचून जे समजले ते असे. संगणकाचे बटण दाबले की त्याला आपली कार्यप्रणाली कोठे आहे हेही ठाऊक नसते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात तो डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचतो. त्यातील ६४ बाइट कप्प्यांच्या तक्त्याला आणि २ बाइट खुणेला जातात. उरतात जेमतेम ४४६. देवनागरीचे एक चिन्ह साधारणपणे ३ बाइट घेते, म्हणजे तेथे दीडशे चिन्हेही मावणार नाहीत! म्हणून हा चिमुकला कार्यक्रम स्वतः फारसे काही न करता शेजारच्या थोड्या मोठ्या कार्यक्रमाला हाक मारतो. तो पुढे एका ठराविक कप्प्यात जाऊन बाकीचे साहित्य आणतो, निवडीची यादी दाखवतो आणि कार्यप्रणालीला उठवतो. या साखळीला बूटलोडर म्हणतात. आमच्या यंत्रातील बूटलोडरचे नाव ग्रब. १९९५ साली एरिक बोलीन यांनी त्याची सुरुवात केली. गंमत म्हणजे यातील ‘बूट’ पायातल्या बुटावरूनच आला आहे: बुटाच्या मागचा पट्टा ओढून स्वतःच स्वतःला उचलणे, अशी मूळ कल्पना.

आता माझी चूक लक्षात आली. लिनक्स सहाव्या कप्प्यात होते. मी पाचवा काढला, आणि या जातीच्या कप्प्यांत मधला गेला की पुढच्यांचे क्रमांक एकेकाने सरकतात. सहाव्याचा पाचवा झाला. ग्रबजवळ पत्ता मात्र सहाचाच! घर जागेवर, सामान शाबूत. पोस्टमन तेवढा चुकीच्या दारी उभा.

मग दुरुस्ती. (आज्ञा रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात, येथे उच्चार दिले आहेत.) ‘एलएस’ टंकल्यावर कप्प्यांची यादी आली. पहिल्याच्या आत डोकावलो तर ‘अनोळखी फाइल-व्यवस्था’ असे उत्तर. माझ्या पोटात गोळा आला. पण तो विंडोजचा कप्पा, आणि या अवस्थेत ग्रबला तो वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाचव्यात डोकावलो तर ‘होम’, ‘बूट’ ही ओळखीची नावे दिसली. तेव्हा जो श्वास घेतला तो आजही आठवतो. ‘सेट प्रीफिक्स’ या आज्ञेने पाचव्या कप्प्यातील बूट-ग्रबचा पत्ता दिला, ‘सेट रूट’ने तोच कप्पा नेमला, मग ‘इन्स्मॉड नॉर्मल’ आणि शेवटी ‘नॉर्मल’. यादी उमटली! लिनक्स सुरू झाले, कारण ते आपला कप्पा क्रमांकावरून नव्हे, एका लांबलचक ओळखचिन्हावरून शोधते.

येथे थांबून चालत नाही. हा पत्ता तात्पुरता असतो. यंत्र बंद केले की पुन्हा तोच काळा पडदा. म्हणून लिनक्समधून ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा देऊन नवा पत्ता पक्का करावा लागतो, आणि ‘अपडेट-ग्रब’ने यादी ताजी करावी लागते. पहिली आज्ञा एखाद्या कप्प्याला नव्हे, संपूर्ण डिस्कला द्यायची. मी आधी कप्प्याचा आकडा जोडून चुकलोच होतो. यादीच उमटली नाही तर पेनड्राइव्हवरचे लिनक्स चालवून, त्यातून आपला कप्पा जोडून हेच काम करता येते. नव्या यंत्रांत बूटलोडरसाठी वेगळा छोटा कप्पा असतो, त्यामुळे तेथे आज्ञा थोडी बदलते.

पहाटे चारला मी अण्णांना उठवून उधारीची नावे वाचून दाखवली. सत्तेचाळीस नावे होती. त्यांनी एका ठिकाणी मला थांबवून दोनशे रुपयांची चूक दुरुस्त केली. दुपारी ते चौकातून नवी वही घेऊन आले, आणि संध्याकाळी गाडीशेजारी बसून मी सगळी नावे पेनाने तिच्यात उतरवून काढली.