कर्करोगोपचारांचे दुष्परिणाम : खर्चाचा अलक्षित घटक

कर्करोगाच्या उपचारांचा खर्च म्हणजे शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा खर्च, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. प्रत्यक्षात उपचारांचे दुष्परिणाम हा खर्चाचा स्वतंत्र घटक आहे. ते केव्हा व किती तीव्रतेने उद्भवतील, हे आधी निश्चितपणे सांगता येत नाही. त्यामुळे कुटुंबाने त्यांच्यासाठी तरतूद केलेली नसते.

दुष्परिणामांचे स्वरूप

काही दुष्परिणाम तातडीचे असतात. अनेक केमोथेरपी औषधांनंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या सर्वांत कमी होते. या काळात ३८ अंश सेल्सिअस (१००.४ अंश फॅरनहाइट) वा त्याहून अधिक ताप येणे ही आणीबाणी समजली जाते. रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविके सुरू व्हावीत, असा संकेत आहे. हाच ताप साधा समजून घरगुती उपायांवर भागवल्यास तो जिवावर बेतू शकतो.

काही दुष्परिणाम दीर्घकाळ टिकतात. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन यांसारख्या औषधांमुळे हातापायांना येणारी बधिरता उपचार संपल्यावरही अनेक महिने राहू शकते. शिवणकाम वा विणकामावर उपजीविका करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत बोटांची बधिरता म्हणजे रोजगाराचीच हानी होय. मानेवरील किरणोपचारानंतर काही वर्षांनीही थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावू शकते.

वित्तपुरवठ्यातील पोकळी

२०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. केमोथेरपी व किरणोपचार यांचाही त्यात समावेश आहे. रुग्णालयातील उपचारांच्या काळात उद्भवणारी गुंतागुंत आणि रुग्ण घरी परतल्यानंतरच्या १५ दिवसांचा खर्च योजनेत येतो. बाह्यरुग्ण विभागातील खर्च मात्र तिच्या कक्षेबाहेर आहे. आणि महिनोन् महिने चालणाऱ्या दुष्परिणामांवरील उपचार बहुधा तेथेच होतात. त्यात तपासण्या, औषधे, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांची भर पडते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट लक्षणीय असली, तरी उरलेला भार मोठाच आहे.

औषधांच्या किमतींबाबतही काही पावले उचलली गेली. २०१५ मध्ये ‘अमृत’ औषध दुकानांची सुरुवात झाली, तर २०१९ मध्ये ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. तथापि, औषध स्वस्त झाल्याने उपचारकेंद्र जवळ येत नाही.

अंतराचा प्रश्न

पंजाबच्या माळवा भागातील रुग्णांना उपचारांसाठी राजस्थानातील बिकानेरला नेणारी रेल्वेगाडी ‘कॅन्सर ट्रेन’ म्हणून ओळखली गेली. ठरलेल्या तारखेच्या उपचारासाठी असा प्रवास करता येतो. परंतु मध्यरात्री चढलेल्या तापासाठी तो उपयोगी नाही. आसाममध्ये राज्य शासन व टाटा ट्रस्ट यांच्या भागीदारीतून उपचारकेंद्रांचे विकेंद्रित जाळे उभारण्यात येत असून, एप्रिल २०२२ मध्ये त्यातील सात रुग्णालयांचे उद्घाटन झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे आणि पहिल्या वर्षी अशी २०० केंद्रे स्थापण्याची घोषणा झाली.

पुढील दिशा

ही केंद्रे केवळ केमोथेरपी देण्यापुरती मर्यादित राहू नयेत. तापाच्या रुग्णाची रक्ततपासणी व प्रतिजैविके तेथे वा त्याच जिल्हा रुग्णालयात रात्रंदिवस उपलब्ध असावीत. कोणती लक्षणे दिसताच कोठे जावे, हे रुग्णाच्या मातृभाषेतील पत्रकाद्वारे आणि आशा कार्यकर्तीमार्फत कुटुंबापर्यंत पोहोचावे. दीर्घकालीन दुष्परिणामांसाठी बाह्यरुग्ण सेवेचा मर्यादित लाभ विमा योजनेत समाविष्ट करण्याचा विचार व्हावा. खर्चाच्या भीतीने रुग्णाने उपचार अर्धवट सोडले, तर त्यावर आधी झालेला सार्वजनिक खर्चही मोठ्या प्रमाणात वाया जातो. म्हणूनच दुष्परिणामांवरील खर्च हा उपचारांचाच अविभाज्य भाग मानला गेला पाहिजे.