नॅनोरचना वाढवायला किती खर्च येतो?

तांब्याच्या पत्र्यावर लेझरने बारीक खाचा पाडायच्या आणि मग त्यावर ऑक्साइडच्या नॅनोरचना वाढवायच्या, असा प्रकल्प हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला आधी धसका बसतो तो खर्चाचा. प्रत्यक्षात वाढवणं स्वस्त आहे. महाग आहे ते वाढलेलं पाहणं.

अडीच सेंटिमीटर लांब-रुंद, अर्धा मिलिमीटर जाड तांब्याचा तुकडा 2.8 ग्रॅम भरतो. किलोला हजार रुपये धरले तरी तीन रुपयांच्या आतच. सर्वांत साधी पद्धत गरम पाण्याची: डीआयोनाइज्ड पाणी 75 ते 95 अंशांवर, तुकडा त्यात बुडवलेला. तांब्याला पूर्ण दिवस द्यावा. 500 वॅटची हॉटप्लेट 24 तास अखंड चालली तरी 12 युनिट, म्हणजे दहा रुपये दराने 120 रुपये. एका बीकरमध्ये पाच-सहा तुकडे सहज मावतात. नळाचं पाणी मात्र वापरू नका. त्यातले क्षार पत्र्यावर बसतात आणि वाढ खरी कोणती, हे कळेनासं होतं.

भट्टीत 400 ते 500 अंशांवर हवेतही तांब्यावर ऑक्साइडच्या नॅनोतारा उगवतात. पण थंड होताना थर पापुद्र्यासारखा सुटू शकतो, म्हणून भट्टी सावकाश निवू द्या. तांब्याऐवजी जस्त घेतलं असेल तर भट्टी नकोच, ते 419.5 अंशांवर वितळतं.

लेझर विकत घ्यायची गरज नाही. औद्योगिक वसाहतीत फायबर लेझरने मार्किंग करून देणारे जॉबवर्कवाले असतात. हिशेब मात्र स्वतः करून जा. वरच्या तुकड्यावर 50 मायक्रॉन अंतराने 500 रेघा, एकूण साडेबारा मीटर. सेकंदाला 200 मिलिमीटर वेगाने जेमतेम एक मिनिट. खरा वेळ सेटिंगला लागतो, म्हणून एकाच पत्र्यावर वीस चौकोन एकदम करून घ्या. तांबं फायबर लेझरची अवरक्त किरणं बरीच परतवतं, तेव्हा चाचणीचा तुकडा आधी मागा. या लेझरच्या 1064 नॅनोमीटर तरंगलांबीसाठीचा चष्मा डोळ्यांवर हवाच. त्यात काटकसर नको.

आता मोठा खर्च: एसईएम, म्हणजे वाढलेलं पाहण्यासाठी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. मुंबई आयआयटी किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या सैफ या उपकरण-सुविधा केंद्रात नमुने देता येतात. शैक्षणिक संस्था आणि उद्योग यांचे दर वेगळे असतात, म्हणून मार्गदर्शकांचं पत्र सोबत न्या. दर नमुन्यामागे की तासामागे, सोन्याचा मुलामा, ईडीएस (मूलद्रव्यांची तपासणी) आणि जीएसटी त्यात धरलाय का, हे आधीच विचारा. एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) करायचं असेल तर तिरप्या, अगदी लहान कोनातून मागा. नाहीतर आलेखात खालचं तांबंच वरचढ दिसतं.

लेझर केलेला पत्रा हवेत पडून राहिला तर काही दिवसांत पाणी झिडकारू लागतो, म्हणून शक्यतो त्याच दिवशी पाण्यात घाला. आणि लेझर न केलेला एक तुकडा त्याच बीकरमध्ये ठेवून त्याच्याही एसईएमचे पैसे अंदाजपत्रकात धरा. तो नसेल, तर लेझरमुळे काय बदललं हे तुम्हाला दाखवता येणार नाही.