तडकलेला बर्नर



नृसिंहवाडी

चि. बाळू यास,

ताईचा फोन आला होता. आजीचा पितळी स्टोव्ह तू पुण्याला नेलास, हे मला ठाऊक होतं आणि बरंही वाटलं होतं. पण त्याच्या बर्नरला चीर गेली आहे, ती तू एम-सीलने बुजवली आहेस आणि आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालायला जाताना तोच स्टोव्ह बरोबर नेणार आहेस, हे ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. त्या वाटेवर आषाढात पाऊस उसंत देत नाही. बाहेर चूल पेटत नाही म्हणून तुम्ही पोरं तो तंबूत पेटवणार. चिरलेला बर्नर बुजवायचा नसतो, बदलायचा असतो आणि तंबूत तर धडका बर्नरही पेटवायचा नसतो, एवढंच माझं म्हणणं आहे. पण कारण कळल्याशिवाय तू ऐकणारा नाहीस, म्हणून सविस्तर लिहितो.

या स्टोव्हचं सगळं मर्म बर्नरमध्ये आहे. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडनच्या कारागिराने १८९२ साली प्रायमस स्टोव्ह घडवला, त्यानंतर मूळ रचना फारशी बदललेली नाही. टाकीत हवा भरली की रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळ्यांतून फिरताना त्याची वाफ होते आणि निपलच्या बारीक भोकातून ती जोराने सुटताना भोवतालची हवा ओढून घेते. म्हणून ज्योत निळी राहते, काजळी धरत नाही. नळीला चीर असली की वाफ निपलपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर पडते. तिला पुरेशी हवा मिळत नाही, ती पिवळी आणि आडवी जळते आणि टाकी तापवते. टाकी तापली की आतला दाब वाढतो, दाब वाढला की चिरेतून आणखी वाफ येते. अशा वेळी करण्यासारखी गोष्ट एकच, हवेचा स्क्रू ढिला करून दाब सोडणे. पण ज्वाळा टाकीला वेढून असली तर त्या स्क्रूपर्यंत हात जात नाही. तंबूत तर मागे सरकायलाही जागा नसते.

एम-सील पाण्याच्या नळाला ठीक आहे. बर्नर कित्येक शे अंश तापतो, अंधारात पाहिलास तर लालसर दिसतो, तिथे ते जळून सुटणारच. कथील-शिशाचा डाख दोनशेच्या आसपास वितळतो, म्हणजे तोही गेला. मग चांदीची झाळ का नको, असं तू विचारशील. प्रश्न रास्त आहे. ती ६०० अंशांच्या पुढे वितळते आणि कोल्हापूरच्या गुजरीतल्या सोनारांच्या हातची आहे. नुसता सांधा उघडला असता आणि नळी शाबूत असती, तर बर्नर टाकीपासून सोडवून जाणत्या माणसाकडून झाळून घे, असं मीच म्हणालो असतो. पण ताईने पाठवलेल्या फोटोत चीर सांध्यावर नाही, नळीच्या अंगावर आहे. वर्षानुवर्षं लाल होऊन गार होणाऱ्या पितळेतलं जस्त वरून कमी होत जातं, धातू विरतो, ठिसूळ होतो. तिथे झाळ धरेलही, पण तिच्या शेजारीच नवी चीर पडेल. डोळ्यांना एक चीर दिसते, पण कमकुवत झालेली असते ती सगळी नळी.

मला टाकीचीही धास्ती आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात ठेवल्या जागी चिरत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली त्याचं कारण मांडलं: दाबून घडवलेल्या पितळेत ताण शिल्लक राहतो आणि तबेल्यातल्या घोड्यांच्या मुताचा अमोनिया व दमट हवा मिळाली की त्या ताणाने धातू फाटतो. आपल्या स्टोव्हची टाकीही पत्र्यातून दाबूनच काढलेली आहे. २०१९ च्या पुरात ती पाण्यात होती आणि तू नेईपर्यंत गोठ्याच्या माळ्यावर पडून होती. तेव्हा रॉकेल पूर्ण काढून, बर्नरच्या भोकाला घट्ट बूच मारून, थोडी हवा भर आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडव. कुठूनही बुडबुडा आला तर ती टाकी फक्त शोभेला ठेवायची. तिला डाख देऊ नकोस, झाळूही नकोस. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत रॉकेलची वाफ उरते आणि विस्तव लागला की ती पेट घेते.

तू वाचणारा मुलगा आहेस, आंद्रेचं उदाहरण देशील. १८९७ साली बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या त्या स्वीडिश तुकडीचा तळ ३३ वर्षांनी, १९३० साली सापडला आणि त्यातला प्रायमस तेव्हाही पेटला. खरं आहे. पण तो बर्फात होता, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नव्हता आणि त्याचा बर्नर चिरलेला नव्हता. शिवाय ती माणसं तंबूत त्याच स्टोव्हच्या विषारी धुराने गेली असावीत, असा एक तर्क आजवर मांडला जातो. तो सिद्ध झालेला नाही, पण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या रॉकेलातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो, हे सिद्ध आहे. स्टोव्ह उगाच बदनाम झाला, असंही तू म्हणशील. काही अंशी मलाही ते पटतं. ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून नोंदवलेले कितीतरी मृत्यू हे सुनांचे खून होते आणि हुंडाबळीचं ३०४-ब कलम १९८६ साली आलं ते उगाच नव्हे. पण म्हणून चिरेतून वाफ सुटायची थांबत नाही.

राहिली आजीची आठवण. ती टाकीत आहे, पंपाच्या दांड्यात आहे. बर्नर हा झिजण्यासाठीच असतो. तो पहिल्यापासून सुटा विकला जातो, त्याच्याखालचा शिशाचा वायसरही तसाच. आपल्या वाडीच्या देवळात पुराचं पाणी चढू लागलं की उत्सवमूर्ती वर नेतात, त्याने भक्ती कमी झाली असं कुणी म्हणत नाही.

जरा कडक लिहिलं गेलं. आमच्या लहानपणी मोठी माणसं नुसती ओरडत, कारण सांगत नसत आणि आम्हीही विचारत नसू, याची खंत वाटते. तू विचारतोस, हातात पाना घेऊन जुनी वस्तू खोलतोस, याचा मला अभिमान आहे. ती हौस सोडू नकोस. फक्त हा बर्नर काढून टाक आणि पावनखिंडीला स्टोव्ह नेऊच नकोस. दशम्या आणि चटणी बरोबर ने, पोटाला पुरतील. नवा बर्नर आणि वायसर मी कोल्हापुरातल्या जुन्या भांड्यांच्या दुकानांतून शोधून आणतो. येत्या शनिवारी स्टोव्ह घेऊन इकडे ये. टाकी आपण दोघे तपासू आणि ती धड निघाली तर अंगणात, उघड्यावर पेटवू. पहिला चहा तुझ्या हातचा. मी रागावलो आहे असं वाटून यायचं टाळू नकोस, आणि हे पत्र पोचताच आईला फोन कर. ती रात्रभर झोपलेली नाही.

तुझा,
मामा