मोबाईलची फुटलेली स्क्रीन घरी बदलताना घ्यावयाची काळजी

विहिरीत वाकून पाहताना वरच्या खिशातून, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून किंवा घरातल्या फरशीवर मोबाईल पडतो आणि त्याची स्क्रीन फुटते. ऐन हंगामात ही गोष्ट किरकोळ राहत नाही. सन २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसाठी पिकाचा फोटो मोबाईलवरूनच घ्यावा लागतो. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, हवामानाचा अंदाज आणि बाजारभावही त्यावरच पाहिले जातात. दुरुस्तीसाठी तालुक्याला जायचे म्हटले तर दिवस मोडतो आणि फोन तेथे ठेवून यावे लागले तर दुसरी खेपही पडते. म्हणून अनेक तरुण शेतकरी सुटे भाग मागवून हे काम घरीच करू लागले आहेत. पंपाचा स्टार्टर खोलून बसवणाऱ्या हाताला हे काम जमण्यासारखे आहे. मात्र यातील मोठा धोका फुटलेल्या काचेत नसून तिच्या मागे असलेल्या बॅटरीत आहे.

बदलायचे काय?

मोबाईलची स्क्रीन म्हणजे नुसती काच नव्हे. वर काच, तिच्याखाली बोटाचा स्पर्श ओळखणारा टच आणि त्याखाली चित्र दाखवणारा डिस्प्ले असे थर असतात. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये हे थर पारदर्शक डिंकाने एकजीव केलेले असतात. त्यामुळे फक्त वरची काच गेली असली तरी ती वेगळी करण्यासाठी खास यंत्रे लागतात; घरी ते होत नाही. घरी करायचे झाल्यास पूर्ण संच बदलावा. बाजारात यालाच ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात.

तडा बारीक असेल, टच सगळीकडे चालत असेल व चित्र स्वच्छ असेल, तर घाई करू नये. वर टेम्पर्ड ग्लास किंवा रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावून हंगाम काढता येतो. मात्र असा फोन फवारणीच्या वेळी खिशात ठेवू नये. तड्यातून औषधाचे पाणी आत गेले की टच आपोआप चालू लागतो आणि नको ती बटणे दाबली जातात.

कडा वळवलेली स्क्रीन, घडीचा फोन आणि चेहरा ओळखून उघडणारा आयफोन यांच्या वाटेला घरी जाऊ नये. त्यांतील भाग नाजूक व महाग असतात आणि चुकीची किंमत दुरुस्तीच्या मजुरीपेक्षा जास्त पडते. फोनची पाठ फुगलेली दिसत असेल किंवा स्क्रीन एका कडेने आपोआप उचलली गेली असेल, तर बॅटरी फुगलेली आहे असे समजावे. असा फोन बंद करावा, चार्जिंगला लावू नये व न दाबता जाणकार कारागिराकडे न्यावा.

फोल्डर घेताना

फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ येथे मॉडेल क्रमांक दिलेला असतो, तो तंतोतंत जुळवून फोल्डर घ्यावा. एकाच नावाच्या ४जी व ५जी फोनचे फोल्डर अनेकदा वेगळे असतात. मूळ स्क्रीन ॲमोलेड प्रकारची असेल तर तिच्या जागी स्वस्त एलसीडी फोल्डरही मिळते. ते जाड असते, बॅटरी जास्त खाते आणि स्क्रीनवर बोट ठेवून उघडणाऱ्या फोनमध्ये त्यावर बोटाचा ठसा बहुधा चालत नाही.

फोल्डर फ्रेमसह आणि फ्रेमशिवाय असे दोन्ही मिळतात. फ्रेमसह घेतल्यास काच खरवडून काढण्याचा त्रास वाचतो, म्हणून तेच सोपे वाटते. परंतु त्यात चिकटवलेली बॅटरी जुन्या फ्रेममधून उपटून नव्या फ्रेममध्ये बसवावी लागते, आणि नवख्या माणसाने नेमके तेच करू नये. आमच्या मते घरी काम करणाऱ्याने फ्रेमशिवायचे फोल्डर घ्यावे. काही फोनमध्ये डिस्प्लेची पट्टी बॅटरीखालून जाते. आपल्याच मॉडेलचा दुरुस्तीचा व्हिडिओ आधी पूर्ण पाहावा. तसे आढळल्यास काम कारागिरावर सोपवावे.

बॅटरीविषयी

मोबाईलची लिथियम बॅटरी सुमारे ४ व्होल्टची असते. तिचा मोटारीच्या विजेसारखा झटका बसत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. तिच्या आत धातूच्या पातळ पट्ट्यांच्या गुंडाळ्या असून त्यांच्यामध्ये कागदाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा असतो व सर्व काही ज्वालाग्राही द्रवाने भिजलेले असते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक घुसले किंवा बॅटरी वाकली, की तो पडदा फाटतो, पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि साठलेली सगळी ऊर्जा काही क्षणांत उष्णता होऊन बाहेर पडते. निघणारा धूर विषारी असतो.

यासाठी काम सुरू करण्यापूर्वी चार्जिंग २५ टक्क्यांच्या खाली येऊ द्यावे; भरलेली बॅटरी बिघडली तर आग मोठी होते. काम ओसरीवर किंवा उघड्या खिडकीजवळ करावे. गवत, कडबा, डिझेलचे कॅन जवळ नसावेत आणि मुलांना लांब ठेवावे. हाताशी लोखंडी घमेले, सांडशी व पाण्याची बादली ठेवावी. बॅटरीतून सूंसूं आवाज, गोडसर उग्र वास किंवा धूर येऊ लागल्यास फोन सांडशीने घमेल्यात टाकून उघड्यावर न्यावा, वाऱ्याच्या बाजूला उभे राहून त्यावर भरपूर पाणी ओतावे आणि दूर व्हावे. ज्वाळा निघू लागल्या असतील तर फोन उचलण्याच्या भानगडीत न पडता माणसांनी आधी बाहेर पडावे. विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती लगेच घरात आणू नये.

प्रत्यक्ष काम

आधी फोनमधील माहिती काढून घ्यावी. चित्र दिसते पण टच चालत नाही, अशा वेळी ओटीजी जोडणी लावून संगणकाचा साधा माऊस जोडावा. पडद्यावर बाण दिसतो व त्याने फोटो, नंबर इत्यादी दुसरीकडे पाठवता येतात. सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालावे म्हणजे ओटीपी अडत नाही. सिमचा ट्रे बाहेर काढून ठेवावा, नाहीतर पाठ उघडताना तो मोडतो.

साहित्यात घड्याळजी वापरतात तसा छोटा स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा जुने एटीएम कार्ड, ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मोबाईलसाठी मिळणारा ‘बी-७०००’ प्रकारचा डिंक लागतो. डोळ्यांवर चष्मा असावाच. अल्कोहोलऐवजी पेट्रोल, थिनर किंवा हातावर चोळायचे सॅनिटायझर वापरू नये. तेही ज्वालाग्राही आहेत, पहिल्या दोन्हींनी प्लास्टिक विरघळते आणि सॅनिटायझरमधील पाणी व ग्लिसरीन आत राहते. अल्कोहोलही पेट घेते, म्हणून ड्रायर किंवा विडी-काडी चालू असताना त्याची बाटली उघडू नये.

फोन बंद करून पाठीच्या कडा केस वाळवण्याच्या ड्रायरने एक-दोन मिनिटे, ड्रायर फिरवत ठेवून, शेकाव्यात. हाताला जेमतेम सोसेल एवढीच उष्णता पुरे. तवा, गॅसची ज्योत किंवा उन्हात तापलेला पत्रा यांचा उपयोग करू नये. डिंक सैल झाला की प्लास्टिकची पट्टी कडेने फिरवून पाठ अलगद उचलावी. काही फोनमध्ये बोटाच्या ठशाची बारीक पट्टी पाठीला जोडलेली असते. पाठ एकदम ओढल्यास ती तुटते.

स्क्रू काढताना कागदावर फोनचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा. हे फाजील वाटेल, पण लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर खालचा मदरबोर्ड फुटतो आणि मग नवे फोल्डरही वाया जाते. पत्रा निघाल्यावर सर्वप्रथम बॅटरीची जोडणी प्लास्टिकच्या टोकाने सोडवावी. ही जोडणी कपड्याच्या टिचबटणासारखी असते, सरळ वर उचलली की निघते. बॅटरी सुटल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नये. त्यानंतर डिस्प्लेची जोडणी सोडवावी.

आता जुनी स्क्रीन न काढता नवे फोल्डर बाहेरूनच जोडून पाहावे. आधी फोल्डर, मग बॅटरी जोडावी व फोन चालू करावा. एखादे चिन्ह बोटाने धरून पडद्याच्या चारही कोपऱ्यांत फिरवावे. मध्येच सुटले तर त्या जागी टच मृत आहे. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये *#०*# दाबल्यास तपासणीचा पडदा उघडतो. या वेळी फोल्डरवरील संरक्षक कागद काढू नये, कारण तो काढलेला माल बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. तपासणी झाल्यावर फोन बंद करून बॅटरी पुन्हा सोडवावी.

फुटक्या काचेवर रुंद चिकटपट्टी लावावी म्हणजे कण उडत नाहीत. कडा शेकून प्लास्टिकची पट्टी थोडी थोडी घुसवत स्क्रीन सोडवावी. धातूचे पाते वापरू नये, कारण काही फ्रेमना मध्ये खिडकी असते आणि त्यापलीकडे बॅटरी असते. नंतर फ्रेमवरील जुना डिंक व काचेचा प्रत्येक कण अल्कोहोलने पुसून काढावा. यात कंटाळा करू नये. मोहरीएवढा कण राहिला तरी वरून दाब पडताच नव्या फोल्डरला तडा जातो.

नवा डिंक कडेने बारीक रेघेत लावावा. जास्त झालेला डिंक ऐकण्याच्या जाळीत व बटणांत शिरतो. फेविक्विकसारखा झटपट डिंक वापरू नये, त्याच्या वाफेने काच व कॅमेरा पांढरट होतो. फोल्डर बसवून जोडण्या लावाव्यात, बॅटरीची जोडणी सर्वात शेवटी. पाठ लावून रबरी बँडने हलका दाब देऊन फोन रात्रभर तसाच ठेवावा. फार आवळल्यास पडद्यावर पांढरे डाग पडतात.

पहिले चार्जिंग दिवसा, आपल्या नजरेसमोर करावे. फोन नेहमीपेक्षा जास्त तापल्यास लगेच काढावा. एकदा उघडलेला फोन पूर्वी पाणीरोधक असला तरी आता तसा राहिला नाही असे धरून चालावे. पावसात व ठिबकच्या कामात तो पिशवीत ठेवावा.

काढलेले फोल्डर व घरात पडून असलेल्या जुन्या बॅटऱ्या कचऱ्यात जाऊ देऊ नयेत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; अशा वस्तू ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्याव्यात. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवावी. उकिरड्यावर तर यातील काहीच टाकू नये, कारण काच आणि धातू खतातून आपल्याच शेतात जातात.