कारागिराच्या वेळेचा हिशेब

'धंदा' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे दुकान उभे राहते. मालाने भरलेल्या फळ्या, तराजू, गल्ला आणि दारावरची पाटी. परंतु आपल्या अवतीभवती असे कितीतरी धंदे चालतात, ज्यांना ना फळी असते ना पाटी. विजेची जोडणी करणारा, नळ व पंप दुरुस्त करणारा, पावसाळ्यापूर्वी कौले परतणारा, भिंतींना रंग देणारा, कपडे धुऊन व इस्त्री करून घरी पोचविणारा, आपल्या स्वयंपाकघरातून दहापाच जणांना डबे पुरविणारी गृहिणी, ही सारी माणसे वस्तू विकीत नाहीत, सेवा विकतात. त्यांचे दुकान म्हणजे त्यांची पिशवी व त्यांचे दोन हात.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण शालान्त परीक्षेनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जातील व पुढे याच मार्गाने आपली उपजीविका करतील. काहींच्या घरी आजही हाच धंदा चालत असेल. हाताची कला शिकविणारे गुरू भेटतात. कलेचा हिशेब शिकविणारे क्वचितच भेटतात. कसबी कारागीर दिवसभर राबतो, गावात त्याला उसंत नसते, आणि तरीही महिनाअखेर त्याच्या घरी पैशांची ओढाताण असते, हे दृश्य दुर्मिळ नाही. असे का होते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

जुनी व्यवस्था आणि नवी

पूर्वी सेवेचा मोबदला ठरविण्याचा प्रश्न गावातील कारागिरापुढे फारसा येत नसे. देशावर बलुतेदारी होती. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांनी वर्षभर गावाची कामे करावीत आणि सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या खळ्यावरून आपला धान्याचा वाटा न्यावा, असा तो रिवाज होता. गोव्यातही गावकरीच्या व्यवस्थेत गावच्या सेवकांसाठी जमिनी राखून ठेवीत. या व्यवस्थेत गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते. परंतु धंदा जन्माने ठरे, मोबदला रूढीने ठरे आणि 'नको' म्हणण्याची मुभा कारागिराला जवळजवळ नव्हती. आज ती मुभा त्याला आहे. तो धंदा निवडतो, दर सांगतो, गाव बदलतो. मात्र पूर्वी जो भार साऱ्या गावाच्या खांद्यावर होता तो आता त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आला आहे. स्वातंत्र्याबरोबर हिशेबही आला.

माल कोणता?

किराणा दुकानदाराचा तांदूळ आज विकला गेला नाही तर उद्या विकला जातो. सेवा विकणाऱ्याचा माल म्हणजे त्याची वेळ. सोमवारचे रिकामे गेलेले दोन तास मंगळवारी विकता येत नाहीत. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली की या धंद्याच्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो.

एक उदाहरण गणिताच्या तासाप्रमाणे सोडवून पाहू. समजा, नळदुरुस्ती करणारा एक तरुण एका कामाचे ५०० रुपये घेतो आणि प्रत्यक्ष कामास एक तास लागतो. तो मनाशी म्हणतो, "आठ तासांचे ४,००० रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तर १,०४,००० रुपये." हा झाला कागदावरचा हिशेब. आता रस्त्यावरचा पाहू. घरी पोचण्यास ४० मिनिटे. काय बिघडले आहे ते पाहून दुकानातून लहानसा सुटा भाग आणण्यास २० मिनिटे. काम ६० मिनिटे. परतण्यास ४० मिनिटे. एका कामाची १६० मिनिटे झाली. म्हणजे आठ तासांत आठ नव्हे, तीन कामे. सामान खरेदी, आजारपण, सणवार आणि बोलावणे न आलेले दिवस मिळून सहा दिवस वजा केले तर २० दिवस उरतात, कामे ६०. त्यांतील पाच ठिकाणी नळ पुन्हा गळू लागल्याने फुकट जावे लागले. उरलेल्या ५५ कामांचे २७,५०० रुपये. पाच जणांनी पैसे पुढील महिन्यावर टाकले. हाती आले २५,००० रुपये. पेट्रोल, दूरध्वनी, दुचाकीची व हत्यारांची झीज यांसाठी रोजचे ३०० रुपये धरले तर २० दिवसांचे ६,००० रुपये वजा. शिल्लक १९,००० रुपये. १६० तासांच्या श्रमाला तासाला सुमारे ११९ रुपये पडले.

हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. प्रत्येकाचे आकडे निराळे असतील. परंतु एक लाख चार हजार आणि एकोणीस हजार यांमधील दरी कशी निर्माण होते ते त्यांवरून कळते. नाराज झालेला कारागीर यावर दोनच उपाय जाणतो: दर वाढविणे किंवा अधिक राबणे. तिसरा उपाय हिशेब सुचवितो. आठवड्याचा एकेक दिवस एकेका वाड्यासाठी राखून ठेवला आणि नेहमी लागणारे सुटे भाग पिशवीतच बाळगले, तर जाण्यास १५, कामास ६० व परतण्यास १५ मिनिटे लागून ९० मिनिटांत एक काम उरकते. त्याच आठ तासांत तीनऐवजी पाच कामे होतात. गिऱ्हाइकावर एका पैशाचाही बोजा पडलेला नाही.

उधारी व भांडवल

दुसरी अडचण उधारीची. आपल्याकडे कित्येक घरांचे मालक मुंबईस किंवा परदेशी असतात. किल्ली शेजाऱ्याकडे असते. काम मे महिन्यात होते आणि पैसे मालक चतुर्थीला आल्यावर मिळतात. सामान मात्र कारागिराने रोखीने आणलेले असते. अशा वेळी तो नकळत गिऱ्हाइकाचा सावकार बनतो, आणि तोही बिनव्याजी.

मुंबईच्या गिरणगावातील खानावळवाल्या बायकांची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. गावी कुटुंब ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना त्या आपल्या लहानशा खोलीत जेवू घालीत. कामगार पैसे देत ते पगार झाल्यावर. धान्य, तेल, सरपण तर रोज हवे. त्यामुळे वाण्याची व सावकाराची उधारी डोक्यावर कायमची. अन्न रुचकर होते, गिऱ्हाईक ठरलेले होते, श्रमांत कसूर नव्हती. उणीव होती ती खेळत्या भांडवलाची. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापून या बायकांना संघटित केले व राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले. तारण ठेवण्यास काही नसलेल्या बायका एकमेकींचा भरवसा देऊन कर्ज घेऊ लागल्या. आज अशा लहान कर्जासाठी २०१५ साली सुरू झालेली मुद्रा योजना आहे. तिच्या 'शिशु' वर्गात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मिळू शकते. परंतु कर्ज फेडावयाचे तर रोजचा जमाखर्च लिहिण्याची सवय हवी. घरखर्चाचे पैसे व धंद्याचे पैसे एकाच खिशात राहिले, तर धंदा नफ्यात आहे की तोट्यात, हे खुद्द मालकालाही सांगता येत नाही.

ऋतूंचे चक्र

तिसरी अडचण ऋतूंची. गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत जो तो कौले परतून घेण्याच्या घाईत असतो. माकडांनी फोडलेली कौले, वाळवी लागलेल्या रिपा, कुजलेला वासा हे सर्व मृगाच्या आत नीट व्हावयास हवे. त्या दोन महिन्यांत कारागीर मिळत नाही, आणि एकदा पाऊस सुरू झाला की त्याच कारागिराला काम मिळत नाही. पुढे चतुर्थीपूर्वी रंगकामाची धांदल उडते व पुन्हा ओसरते. चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढावयाचे असतात, हे न ओळखणारा मे महिन्यात उधळतो आणि जुलै महिन्यात दागिना गहाण टाकतो. शहाणा कारागीर पावसाळ्यासाठी जोडकाम शोधतो. छपरावर चढता येत नसेल तर घरातील दारे-खिडक्या, पंप व विजेची उपकरणे दुरुस्त करता येतात.

एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबणे हीसुद्धा ऋतूसारखीच जोखीम होय. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला व लांबत गेला, तेव्हा गिरणगावातील खानावळींची पंगतच उठली. तेथे स्वयंपाक करणारणीचा दोष तो कोणता? पण चूल थंडावली ती तिचीच.

दिलेला शब्द

पहाटे पोदेराचा भोंगा ऐकू आला की आपल्या घरांतून माणसे पावासाठी बाहेर येतात. त्याच्या येण्याची वेळ ठरलेली असते म्हणूनच त्याची वाट पाहिली जाते. घरी येऊन काम करणाऱ्याची परीक्षा गिऱ्हाईक प्रथम याच कसोटीवर करते. नळ किती कुशलतेने बसविला हे ओळखण्याचे ज्ञान गृहिणीला नसेल. पण दहाला येतो म्हणणारा चारला आला, हे तिला नेमके कळते. यायला उशीर होणार असेल तर आधी कळविणे यास काही खर्च येत नाही, आणि कित्येकांचे गिऱ्हाईक एवढ्याचसाठी तुटते.

तीच गोष्ट खर्चाच्या अंदाजाची. छप्पर उघडल्यावाचून आतील लाकूड किती कुजले आहे ते कळत नाही. म्हणून सुज्ञ कारागीर आरंभीच सांगतो: "वरवर पाहता इतके होतील, वासा बदलावा लागला तर इतके वाढतील, पण तुम्हांला दाखवून विचारल्याशिवाय हात लावणार नाही." याने एखादे काम हातचे जाईल, भांडण मात्र टळेल.

धंदा वाढविताना

धंद्याचा जम बसला की मदतनीस ठेवावासा वाटतो. येथे पुन्हा पेन्सिल हाती घ्यावी. मदतनिसाला दिवसाला ७०० रुपये प्रमाणे २६ दिवसांचे १८,२०० रुपये द्यावयाचे. काम असो वा नसो, त्याच्याही घरी चूल पेटावयाची असते. एका कामामागे खर्च जाऊन ४०० रुपये उरत असतील, तर ४६ जादा कामे झाल्यावरच त्याचा पगार निघतो. मालकाचा नफा सत्तेचाळिसाव्या कामापासून. तितकी कामे आहेत काय, हे आधी पाहावे.

त्याहून कठीण प्रश्न पुढेच आहे. लोकांनी विश्वास ठेवला तो मालकाच्या हातावर. आता दारात येणार दुसराच हात. आपला शब्द दुसऱ्याकडून पाळवून घेण्यासाठी नियम करावे लागतात व ते प्रथम स्वतः पाळावे लागतात. मुंबईच्या डबेवाल्यांचा आदर्श येथे आठवतो. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी ज्या कामाची पद्धतशीर सुरुवात केली, त्यात एक डबा वाटेत अनेकांच्या हातांतून जातो. तरीही तो योग्य मेजावर पोचतो, कारण कोणत्या स्थानकावर उतरावयाचे, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर जावयाचे, हे त्याच्या झाकणावरील थोडक्या खुणांत लिहिलेले असते. विश्वास माणसाकडून पद्धतीकडे सोपविला म्हणूनच हा व्यवसाय वाढला. मात्र मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लोकलगाड्या व कचेऱ्या बंद झाल्या, आणि एवढी नेमस्त सेवाही ठप्प झाली. कित्येक डबेवाले गावी परतले व सगळेच काही पुन्हा या कामावर आले नाहीत. वेळ साठवून ठेवता येत नाही, हे सत्य थोरामोठ्यांनाही चुकत नाही. म्हणूनच चांगल्या दिवसांत गंगाजळी राखावयाची.

गिऱ्हाइकाचे कर्तव्य

मित्रहो, तुम्ही सर्वच कारागीर होणार नाही. गिऱ्हाईक मात्र सर्वच होणार आहात. "पाच मिनिटांचे तर काम, त्याचे पाचशे कसले?" असे म्हणताना त्या पाच मिनिटांमागे असलेली पाच वर्षांची शिकवण, उन्हातला रस्ता आणि जुलै महिन्यातले रिकामे दिवस आठवावेत. वाजवी दराची चौकशी अवश्य करावी. पण काम झाले की पैसे त्याच दिवशी द्यावेत. घासाघीस करून वाचविलेल्या शंभर रुपयांपेक्षा वेळेवर दिलेले पाचशे त्या घराला अधिक आधार देतात.

या सुट्टीत एक उपक्रम करावा. तुमच्या घरी किंवा शेजारी असा धंदा करणारे कोणी असेल, तर त्यांच्या संमतीने त्यांच्या एका आठवड्याच्या कामाचा तक्ता मांडा: वाटेत गेलेला वेळ, कामाचा वेळ, आलेले पैसे, राहिलेले पैसे. तक्ता पुरा झाल्यावर तो त्यांनाच वाचून दाखवा. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या घरांतील गळती थांबविली, त्यांना आपल्या कष्टांतील गळती कोठे आहे हे कदाचित तुमच्या वहीतून प्रथमच दिसेल.